व्हाइटटेलसाठी ब्रॉडहेड कोणतं घ्यावं?

व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीचं अमेरिकन हरीण) आणि ब्रॉडहेड (शिकारी बाणाचं पात्यांचं टोक) यांबद्दलचा तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पेन्सिल्वेनियात हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, लायसन्स हातात आहे. धनुष्य 55 पौंडांचं कंपाउंड, ड्रॉ (दोरी ओढण्याची लांबी) 28 इंच, टोकासकट बाण 410 ग्रेन (वजनाचं माप) आणि दुकानात क्रोनोवर (वेगमापकावर) मोजलेला वेग सेकंदाला 240 फूट. वहिनींचं धनुष्य 40 पौंडांचं, बाण 360 ग्रेनचा, वेग 185 फूट. दोघंही यंदा पहिल्यांदाच हरणासाठी मचाणावर बसणार. दुकानदाराने तुमच्या हातात दोन इंच उघडणारं मेकॅनिकल ब्रॉडहेड दिलं आणि "हे दोघांनाही चालेल" म्हणाला. तर फिक्स्ड (पाती कायम उघडी) की मेकॅनिकल (पाती लागल्यावर उघडणारं), 100 ग्रेन की 125, पाती दोन की तीन?

आधी उत्तर देतो, कारणं मग. तुम्ही 100 ग्रेनचं, तीन पात्यांचं, एक ते सव्वा इंच रुंदीचं फिक्स्ड घ्या. वहिनींसाठी दोन पात्यांचं, अगदी टोकापासून धार असलेलं घ्या. तुमच्या धनुष्याला मेकॅनिकल पेलेल. वहिनींच्या धनुष्याला ते लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बंदुकीची गोळी धक्क्याने जनावर पाडते. बाणाचं तसं नसतं. बाण कापतो, रक्त वाहतं, फुप्फुसांतली हवा जाते आणि मेंदूला रक्त कमी पडलं की हरीण कोसळतं. दोन्ही फुप्फुसं कापली गेली तर हे काही सेकंदांत होतं, पण तेवढ्या वेळात ते शंभर यार्ड सहज पळतं आणि ऑक्टोबरच्या गर्द झाडीत शंभर यार्ड खूप असतात. तिथे तुमच्या हाती असतो तो फक्त रक्ताचा माग. मचाणावरून मारलेला बाण वरून तिरका जातो, त्यामुळे आत शिरायचं भोक बरगड्यांच्या वरच्या बाजूला पडतं. एवढं एकच भोक असेल तर रक्त आधी छातीत साठतं, काठोकाठ भरतं आणि मग बाहेर सांडायला लागतं. बाण पलीकडून छातीच्या खालच्या अंगाने बाहेर पडला असेल तर पहिल्या काही उड्यांपासूनच जमिनीवर रक्त दिसतं.

शिवाय आरपार गेलेला बाण मागे जमिनीत रुतलेला सापडतो आणि सगळी हकीकत सांगतो. रक्त गुलाबी आणि बुडबुड्यांचं असेल तर फुप्फुस, अर्ध्या तासाने निघा. गडद लाल आणि बुडबुडे नसलेलं असेल तर बहुधा कलेजी, तीन-चार तास थांबा. बाणावर हिरवट घाण आणि वास असेल तर कोथळ्यात लागलाय. मग आठ ते बारा तास त्या दिशेला फिरकूही नका. बाण जनावरातच अडकून गेला तर यातलं काही कळत नाही आणि माणूस उतावीळपणे मागे धावतो.

म्हणून ब्रॉडहेड निवडताना मी एकच प्रश्न विचारतो: माझं धनुष्य हे पातं पलीकडून बाहेर काढेल का? रुंदी किती, पाती किती, किंमत किती, हे सगळं त्यानंतर.

याचा अंदाज आकड्यांवरून येतो. बाणाचं वजन ग्रेनमध्ये घ्या, त्याला वेगाच्या वर्गाने गुणा आणि 4,50,240 ने भागा, की फूट-पाउंडमध्ये ऊर्जा मिळते. तुमची येते साधारण 52, वहिनींची 27. ईस्टन कंपनीचा जो तक्ता सगळीकडे वापरला जातो त्यात हरणाच्या वर्गासाठी 25 ते 41 आणि एल्क, काळं अस्वल, रानडुक्कर यांच्यासाठी 42 ते 65 असे आकडे आहेत. म्हणजे तुमच्याकडे शिल्लक आहे आणि वहिनी उंबरठ्यावर आहेत. पण टोकाला कोणतं पातं आहे हे हा तक्ता विचारत नाही. तीच 27 फूट-पाउंड ऊर्जा अरुंद, धारदार पात्यामागे असेल तर बरगड्यांतून आरामात आरपार जाईल. दोन इंच उघडणाऱ्या पात्यामागे असेल तर थोडी पाती उघडण्यात खर्च होईल, बरीचशी रुंद कातडं कापण्यात जाईल आणि बरगडी आडवी आली तर बाण आतच थांबेल.

रुंदीबद्दल एक हिशोब दुकानात कोणी मांडत नाही, तो इथे करून बघू. दोन इंची दोन पात्यांचं मेकॅनिकल एकूण दोन इंच कापतं. सव्वा इंचही नव्हे, फक्त 1 1/8 इंच रुंदीच्या तीन पात्यांच्या फिक्स्डमध्ये प्रत्येक पातं मध्यापासून नऊ-सोळांश इंच कापतं, तिन्ही मिळून जवळपास 1.7 इंच. एक इंच रुंदीचं चार पात्यांचं घेतलं तर एकूण काप पुन्हा दोन इंच. म्हणजे कापाची लांबी जवळपास सारखीच, फरक आहे तो तो काप किती दूरवर पसरलाय यात. रुंद पात्याचा खरा फायदा नेम दीड इंच चुकला तेव्हा होतो, एखादी जास्तीची रक्तवाहिनी हाती लागते. तीन पात्यांच्या भोकाचा फायदा असा की ते फाकलेलं राहतं. दोन पात्यांची चीर कधीकधी कातडं सरकलं की मिटते आणि माग तुटक मिळतो. वहिनींना मी तरीही दोन पातीच सांगतोय, कारण मिटणारी का होईना, पण दोन भोकं हवीत. मुख्य पात्याला आडवी छोटी जोड-पाती असलेले नमुने मिळतात (मॅग्नसचं स्टिंगर त्यातलंच), तो त्यांच्यासाठी चांगला मध्यम मार्ग आहे.

टोकाचा आकारही बघा. काही फिक्स्ड ब्रॉडहेडना पुढे तीन पैलूंचं पोलादी टोक असतं, मझीच्या ट्रोकारसारखं, आणि पाती त्याच्या मागे सुरू होतात. हे टोक आधी भोसकतं, मग पाती कापतात. हाडावर ते मजबूत, पण आत शिरताना थोडी ऊर्जा खातं. तुमच्या 52 मध्ये ते खपून जाईल. कमी ताकदीच्या धनुष्याला मात्र पहिल्या स्पर्शापासून कापणारं टोकच हवं.

आता मेकॅनिकलच्या बाजूनेही बोलायला हवं, कारण जुने लोक त्यांना सरसकट नावं ठेवतात आणि ते बरोबर नाही. मेरीलंडमध्ये इंडियन हेड इथे अमेरिकन नौदलाचा तळ आहे. तिथे धनुष्याने हरणांची शिकार करू देतात, पण आधी नेमबाजीची परीक्षा पास व्हावी लागते आणि लागलेल्या प्रत्येक बाणाची नोंद द्यावी लागते. त्या अनेक हंगामांच्या नोंदींत फिक्स्ड पातं लागलेली सुमारे 82 टक्के हरणं हाती आली होती, मेकॅनिकल लागलेली सुमारे 91 टक्के. आकडा बोलका आहे. तरी मी तुम्हाला फिक्स्ड का सांगतोय?

माझं मत असं, की त्या फरकात मोठ्या भोकाइतकाच वाटा उडण्याचा आहे. मिटलेलं मेकॅनिकल सरावाच्या टोकासारखंच उडतं. नीट ट्यून न केलेल्या (बाण सरळ सुटेल असं न जुळवलेल्या) धनुष्यातूनही ते बऱ्यापैकी जागेवर लागतं. फिक्स्ड पात्यावर हवेचा दाब पडतो, त्यामुळे बाण जरा जरी तिरका सुटला तरी ते त्याला आणखी ओढून नेतं. म्हणजे ट्यूनिंगचा आळस असेल तर मेकॅनिकल तुम्हाला सांभाळून घेतं. पण तिरका सुटलेला बाण तिरकाच लागतो आणि तिरका लागलेला बाण खोल जात नाही, मग टोकाला काहीही असो. पहिल्याच वर्षी फिक्स्ड लावलंत तर धनुष्य ट्यून करण्यावाचून गत्यंतर उरत नाही. ते एकदा जमलं की पुढच्या वर्षी खुशाल मेकॅनिकलकडे जा.

गेलातच तर पावणेदोन इंचांच्या आतलं, मागून सरकत उघडणारं घ्या. पाती धरून ठेवणारं रबर किंवा प्लास्टिकचं कडं दर हंगामात नवीन टाका, थंडीत ते कडक होऊन चिरतं. भात्यात ठेवताना पाती फोममध्ये अडकून उघडत नाहीत ना ते बघा. आणि हरीण खूप तिरकं उभं असेल तेव्हा बाण सोडू नका, एक पातं आधी टेकून उघडतं आणि बाण बरगड्यांवरून घसरण्याची शक्यता असते.

ट्यूनिंगवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. सुरुवात बाणापासून. ब्रॉडहेड लावल्यावर बाणाचं टोक टेबलावर टेकवून उभा धरा आणि दोन बोटांनी भोवऱ्यागत फिरवा. जिथे ब्रॉडहेड शाफ्टला (बाणाच्या दांडीला) मिळतं तिथे नजर ठेवा. थरथर दिसली, तर ते डोकं दुसऱ्या बाणावर लावून बघा. तिथे सरळ फिरलं तर दोष पहिल्या बाणाच्या इन्सर्टचा (डोकं ज्यात आवळतात त्या आत बसवलेल्या आट्याच्या तुकड्याचा). हॉट मेल्टने चिकटवलेला असेल तर हलक्या आचेने सैल करून थोडा फिरवून परत बसवता येतो. इपॉक्सीचा असेल तर तो बाण सरावाला ठेवा. बाणांना आकडे घाला. डझनभर बाणांतले सगळे ब्रॉडहेडला सारखे कधीच वागत नाहीत, आणि कोणता बाण नेहमी बाजूला पडतो हे आकड्याशिवाय लक्षात राहत नाही.

मग वीस यार्डांवरून आलटून पालटून सोडा: एक सरावाच्या टोकाचा, एक ब्रॉडहेडचा. दोन्हींचे घोळके एकत्र पडले तर तीस यार्डांवर जा. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर रेस्ट (धनुष्यावर बाण जिथे टेकतो तो भाग) उजवीकडे सरकवा, म्हणजे ब्रॉडहेडकडून सरावाच्या टोकाकडे. खाली पडत असतील तर रेस्ट किंचित वर. एका वेळी एक-बत्तिसांश इंचापेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक बदलानंतर निदान तीन-तीन बाण. दोन्ही घोळके एकमेकांत मिसळले की मगच साइट (नेम धरायची खूण) हलवा. लोक नेमकं उलट करतात. ब्रॉडहेड डावीकडे पडतंय म्हणून साइट डावीकडे सरकवतात आणि प्रश्न सुटला म्हणतात. नेम जुळतो खरा, पण बाण तिरका उडायचा तसाच उडत राहतो. पिसं तीन इंचांची, थोडी पीळ देऊन चिकटवलेली असली तर फिक्स्ड पात्याला बाणाच्या शेपटीकडून आवर बसतो. दोन इंची छोट्या, सरळ पिसांवर रुंद फिक्स्ड पातं लावून चांगल्या नेमाची अपेक्षा करू नका.

टार्गेटही पात्यांचं वेगळं लागतं, थरांच्या किंवा दाट फोमचं. पिशवीच्या टार्गेटमध्ये ब्रॉडहेड मारलंत तर पिशवी फाटेल आणि बाण काढताना हात कापेल. एकदा फोममध्ये गेलेलं पातं शिकारीला नाही, हा नियम घरात लिहून ठेवा. फोम धार खातो. तीनच्या पाकिटातलं एक कायमचं सरावाला ठेवा, दोन नवी पाती भात्यात.

धारेबद्दल माणसं हयगय करतात याचं मला कायम नवल वाटतं. बोथट विळीवर पिकलेला टोमॅटो दाबला की तो चेपतो, आधी सालच कापली जात नाही. रक्तवाहिन्याही लवचीक असतात, बोथट पात्यापुढून बाजूला सरकतात. शिवाय फाटल्यासारख्या जखमेत रक्त गोठवणारी यंत्रणा लवकर जागी होते, स्वच्छ कापात ते उशिरा होतं. म्हणून पाकिटातून काढलेल्या पात्याच्या धारेवरही विश्वास ठेवू नका. हाताच्या पाठीवरचे केस न ओढता निघाले पाहिजेत. ते धाडस नको असेल तर ताणलेल्या रबरबँडवर पातं नुसतं टेकवा, जोर न लावता तुटला पाहिजे.

घरी धार लावायची असेल तर अखंड पोलादाची तीन पात्यांची डोकी, जी-फाइव्हचं माँटेक वगैरे, सगळ्यात सोपी. डोकं बाणावर घट्ट बसवा म्हणजे धरायला दांडा मिळतो. सपाट डायमंड स्टोनवर आडवं ठेवलं की दोन पाती एकाच वेळी पूर्ण टेकतात, कोन आपोआप बसतो. पात्यांवर आधी मार्करची काळी रेघ ओढा. हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढलंत की एक बाजू झाली, मग तिसऱ्या हिश्श्याने फिरवून पुढची. रेघ कडेपर्यंत पुसली गेली म्हणजे धार कडेला पोचली. जिथे काळं उरलंय तिथे अजून दगड लागलेला नाही. शेवटी दाब कमी करत जा आणि चामड्याच्या पट्ट्यावर मागच्या दिशेने ओढा. दोन पात्यांच्या डोक्याला मात्र कोन हाताने सांभाळावा लागतो, त्यासाठी वीस अंशांच्या आसपासचा गाइड वापरा. धार झाली की व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा, पहाटेच्या दवात कोरं पोलाद एका रात्रीत गंजाचे ठिपके धरतं.

आणि ब्रॉडहेड कधीही बोटांनी आवळू नका. पाकिटात प्लास्टिकचा पाना येतो, तो टाकून देऊ नका.

वजनाचं लवकर संपवतो. 100 ग्रेन म्हणजे साधारण साडेसहा ग्रॅम, 125 म्हणजे आठ. 25 ग्रेन वाढवले की वेग सहा-आठ फुटांनी उतरतो, बाण पुढे जड होतो, त्याने भेदकता थोडी सुधारते. पण पुढचं वजन वाढलं की सुटताना बाण जास्त वाकतो, म्हणजे स्पाइन (बाणाचा ताठपणा) कमकुवत पडतो. तुम्ही 100 ग्रेनच्या टोकांनी सराव केलाय, बाण 400 स्पाइनचे आहेत, तर 100 वरच राहा. बदलायचं असेल तर आधी कंपनीच्या स्पाइन तक्त्यात तुमच्या बाणाची लांबी घालून बघा. डोकं बसवायचा 8-32 आटा जवळपास सगळीकडे एकच असतो, त्यामुळे कुठलंही डोकं कुठल्याही बाणावर बसतं, आणि बसतं म्हणून चालतं असा समज होतो.

तुम्ही एका बाजूने धार दिलेल्या सिंगल बेव्हल पात्यांबद्दल वाचलंय म्हणालात. एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत मोठ्या जनावरांवर बाणाच्या भेदकतेचा बराच अभ्यास केला, जड बाण आणि सिंगल बेव्हल यांचा पुरस्कार तिथून आला. असं पातं आत जाताना फिरतं आणि हाड फोडून उकलतं. एल्क किंवा मूससाठी जरूर विचार करा. व्हाइटटेलच्या बरगड्यांना त्याची गरज नाही. फर्‍याच्या हाडावर लागेल या भीतीने लोक ते घेतात, पण त्यावर खरा उपाय म्हणजे नेम फर्‍याच्या जरा मागे धरणं आणि हरीण किंचित पलीकडे वळलेलं असेपर्यंत थांबणं. घेतलंच तर उजव्या बेव्हलला उजव्या पिळाची पिसं हवीत, उलटसुलट केलंत तर दोन्ही एकमेकांशी भांडतात.

कायद्याचं. पेन्सिल्वेनियात हरणासाठी धनुष्य किमान 35 पौंडांचं आणि ब्रॉडहेडची कापणारी रुंदी किमान सात-अष्टमांश इंच लागते. वहिनींचं 40 पौंड त्यात बसतं, फक्त हात दुखतो म्हणून स्क्रू सैल करत 35 च्या खाली नेऊ नका. दुसऱ्या राज्यात जाणार असाल तर त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचा. पश्चिमेकडच्या काही राज्यांत मेकॅनिकलना वर्षानुवर्षं बंदी होती आणि हे नियम बदलत राहतात. आणि हे सामान सुट्टीत भारतात नेऊन गावच्या रानात दाखवायचा मोह होईल, तो आवरा. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ असो की सांबर, धनुष्याने मारलं तरी तो गुन्हाच आहे. मचाणावर नेलेली सॅक विमानप्रवासाला वापरत असाल तर तिचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटका, एखादं पातं आत राहून गेलेलं असू शकतं.

हरीण हाती लागलं की सोलण्याआधी बाण शोधा आणि पाती मोजा. बदलण्याजोग्या पात्यांची जाडी इंचाच्या तीन-शतांशाच्या आसपास असते, बरगडीवर तुकडा उडू शकतो. पातं कमी भरलं तर आतडी काढताना छातीत हात घालू नका, आधी बरगड्या उघडून डोळ्यांनी बघा. दोघांनी जाड हातमोजे घातलेले बरे. तो तुकडा सापडेपर्यंत त्या भागाचं मटण वेगळं ठेवा, खिम्याला तर अजिबात देऊ नका.

वहिनींच्या बाणाचा स्पाइन तुम्ही लिहिलेला नाही, तो शाफ्टवर छापलेला असतो, आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक. 500 असेल तर 40 पौंडांवर 125 ग्रेनचं दोन पात्यांचं डोकं लावून बघायला हरकत नाही, जड बाणाने त्यांचा फायदाच होईल. 600 असेल तर 100 वरच राहा, आणि पहिल्या हंगामात त्यांनी वीस यार्डांपलीकडे बाण सोडू नये.